सौम्य नकार

मजकूरबाई राजीनामा लिहायला बसल्या त्याला आज चौथा दिवस होता, आणि कागदावर तारखेखेरीज काही उतरलं नव्हतं. तारीखही तीनदा खोडावी लागली होती, कारण ती रोज शिळी होत होती.

कारखान्यात कुणाला हे सांगितलं असतं तर त्याला थट्टाच वाटली असती. छताचे पंखे बनवणाऱ्या त्या कारखान्यातून गेल्या एकवीस वर्षांत जे जे पत्र बाहेर पडलं, ते बाईंच्या हातचं होतं. पंखा फिरतो पण वारा लागत नाही, वारा लागतो पण आवाज होतो, आवाजच होत नाही म्हणून पंखा चालू आहे की बंद ते कळत नाही, अशा नाना तक्रारींना त्या उत्तरं लिहीत. शिवाय कुणाला रजा हवी असे, कुणाला घरमालकाला ठणकावायचं असे, कुणाला सासऱ्यांची माफी मागायची असे. मग तो माणूस कोरा कागद घेऊन बाईंच्या टेबलापाशी येई आणि मान खाली घालून म्हणे, "बाई, जरा मजकूर करून द्या." त्यावरून त्यांना मजकूरबाई म्हणायला लागले, आणि ते नाव इतकं घट्ट चिकटलं की हजेरीपटावरही तेच लागलं. बाईंनी तक्रार केली नाही. ती करायची तर तिचाही मजकूर त्यांनाच करावा लागला असता.

तर अशा बाईंची लेखणी स्वतःच्या राजीनाम्यापाशी अडून बसली होती. हाताला सवय कारखान्याच्या तोंडाने बोलायची. लिहायला घेतलं की पहिलं वाक्य आपसूक येई, "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत," आणि बाई कागद चुरगाळून टाकत.

सोडायचं कारण मोठं होतं. दोन महिन्यांपूर्वी कारखानदारांच्या संघटनेने उत्कृष्ट ग्राहक-पत्रव्यवहारासाठी साहेबांना एक चकचकीत ढाल दिली. समारंभात बाई शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. साहेबांनी बाईंचंच एक पत्र वाचून दाखवलं, आणि स्वल्पविराम भलतीकडे घेतल्यामुळे त्याचा अर्थ बरोब्बर उलटा केला. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी आभार मानले, ते कागद पुरवणाऱ्या दुकानदाराचे.

त्याच सभागृहात एक म्हातारे प्रकाशक बसले होते. लहान मुलांची पुस्तकं काढायचे. त्यांनी पूर्वी एकदा तक्रार केली होती की त्यांच्या कचेरीतला पंखा इतका सावकाश फिरतो, की त्याची पाती मोजता येतात. हमीची मुदत चार दिवसांपूर्वीच उलटून गेली होती, म्हणून कारखान्याकडून नकार गेला होता. पण त्या नकारात "आपल्या पंख्याने आता वयाला शोभेल अशी चाल धरली आहे" असं एक वाक्य होतं. ते वाचून प्रकाशक इतके हसले, की त्यांनी आणखी दोन पंखे विकत घेतले. साहेबांचं वाचन ऐकल्यावर त्यांच्या लगेच लक्षात आलं, की या माणसाने ते वाक्य लिहिलेलं असणं शक्य नाही. त्यांनी मागच्या रांगांत चौकशी केली, बाईंना शोधून काढलं आणि आपल्याकडे संपादक म्हणून यायचं आमंत्रण दिलं. मुलं त्यांना ढीगभर पत्रं पाठवत, त्यांची उत्तरंही द्यायची होती. "आणि खाली सही तुमची," ते म्हणाले.

बाईंना पुढचं काही ऐकूच आलं नाही. एकवीस वर्षांत त्यांची सही फक्त हजेरीच्या वहीत होती. त्यांनी होकार देऊन टाकला. महिनाभराची नोटीस देऊन त्यानंतरच्या एक तारखेपासून रुजू व्हायचं ठरलं. अट एकच होती, जुन्या ठिकाणाहून कार्यमुक्तीचं पत्र आणायचं. प्रकाशकांचे भागीदार वकील होते, आणि त्या पत्राशिवाय ते कुणाला उंबऱ्याच्या आत घेत नसत.

चौथ्या दिवशी घरचे मदतीला धावले. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, दिवसभर कुणाला उलट बोलायचा नाही, पण दुसऱ्याच्या साहेबाशी भांडायचं म्हटलं की त्याला चेव येई. त्याने पहिलं वाक्य सुचवलं, "आपल्यासारख्या आंधळ्या माणसाला..." सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी भाषा सौम्य करायला सांगितली आणि आंधळ्यातला अनुस्वार तपासला. लेकीने फोनवर बोट फिरवून अर्ध्या मिनिटात दोन ओळींचा तयार राजीनामा काढला आणि म्हणाली, "आई, जग असंच लिहितं. नाव टाक आणि दे." बाईंनी तो वाचला. त्यात दोन ओळींत तीन चुका होत्या. त्या चुकांनीच त्यांना एकदम जोर आला. त्या उठल्या, टेबलाशी बसल्या आणि सात ओळींचं पत्र एका दमात लिहून काढलं. नम्र, स्वच्छ, कुठेही एक शब्द जास्त नाही. शेवटी लिहिलं, "एक महिन्याच्या नोटिशीने मला सेवेतून मुक्त करावे, ही विनंती." आणि खाली आपली सही केली.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. आधी तोंडी सांगावं म्हणून बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. तोंडी सांगितलेली गोष्ट साहेबांच्या लेखी घडलेलीच नसे. बाई म्हणाल्या, "साहेब, मी नोकरी सोडतेय." साहेब फोनमध्ये बघत होते. मान वर न करता म्हणाले, "लिहून द्या."

लिहिलेलं तयारच होतं. बाईंनी ते शिक्केकाकांकडे दिलं. शिक्केकाका साहेबांच्या दाराबाहेर बसत. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का, जाणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का, हे त्यांचं काम. एकदा भिंतीवरचं कॅलेंडर उलटायला घेतलं तर त्यावरही त्यांच्या हाताने आवकचा शिक्का पडला होता. त्यांनी राजीनाम्यावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि फायलीत लावून तो आत नेला.

साहेब पत्रं वाचत नसत. ते पत्राकडे बघत आणि कोपऱ्यात शेरा मारत. शेरे मोजून चार होते. आभाराचं पत्र दिसलं तर "धन्यवाद द्यावेत." कुठेही "विनंती" हा शब्द दिसला तर "सौम्य नकार." एकाच माणसाचं दुसरं पत्र आलं तर "पंखा बदलून द्यावा." आणि काहीच उमगलं नाही तर "चर्चा करावी," म्हणजे ते पत्र कायमचं कपाटात. उत्तर द्यायचं असलं की पत्र मजकुरासाठी बाईंच्या टेबलावर येई. मजकूर पुन्हा आत जाई, साहेब सही करत, आणि शिक्केकाका टपालात टाकत. अशी ती घडी एकवीस वर्षं बसलेली होती.

दुपारी तीन वाजता बाईंचा राजीनामा बाईंच्याच टेबलावर आला. कोपऱ्यात साहेबांचा शेरा होता, "सौम्य नकार."

बाईंनी तो दोनदा वाचला. मग शिक्केकाकांकडे गेल्या. काकांनी चष्मा वर केला, पत्र पाहिलं, शेरा पाहिला आणि सांगितलं, की शेरा पडलाय म्हणजे सात दिवसांत उत्तर जायला हवं, नियम आहे. बाई म्हणाल्या, की हे माझंच पत्र आहे. काकांनी विचार करून सांगितलं, की नियमात तसा अपवाद कुठे लिहिलेला नाही.

आता इथे दुसरं कुणी असतं तर तो कागद घेऊन तडक आत शिरलं असतं. पण आत शिरून काय होणार, हे बाईंना ठाऊक होतं; "लिहून द्या" एवढंच ऐकायला मिळालं असतं. शिवाय साहेबांच्या शेऱ्याबाहेर त्यांनी आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांनी विचार केला, नकाराचा मजकूर करून पाठवू. सही करताना तरी साहेब नाव बघतील, दचकतील आणि बोलावतील. म्हणून त्या लिहायला बसल्या. आणि एकदा लेखणी हातात आल्यावर बाईंचं बाईंवर काही चालेना. नकार लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाला आणि कशाचा नकार, हे पहिल्या दोन ओळींतच त्या विसरल्या आणि असं काही पत्र उतरलं, की ते वाचून त्यांनी स्वतःशीच मान डोलावली.

साहेबांनी सही केली. दचकले नाहीत.

पत्र नियमाप्रमाणे अर्जदाराच्या घरच्या पत्त्यावर गेलं. दोन दिवसांनी संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा सगळे बैठकीत गोळा झाले होते आणि सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या. लेक मोठ्याने वाचत होती, "आपण मागितलेली गोष्ट देणे आमच्या हाती असते, तर ती देण्यात आम्हांस आनंदच वाटला असता. परंतु काही गोष्टी देऊन टाकल्या, की देणाऱ्याकडे काही उरत नाही."

"अगं, किती किंमत करतात तुझी," सासूबाई म्हणाल्या. "आणि आपण त्या माणसाला काय काय बोललो."

नवराही विरघळला होता. त्याने पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं आणि म्हणाला, की असा साहेब नशिबाने मिळतो, अशा माणसाला सोडून जाणं बरं दिसत नाही. कालपर्यंत साहेबाला आंधळा म्हणणारा हाच.

"ते मी लिहिलंय," बाई म्हणाल्या.

मग लेक हसायला लागली ती जमिनीवर बसून हसायला लागली. पण सासूबाईंचं मन काही पालटेना. त्या म्हणाल्या, की लिहिलं असशील तू, पण सही त्यांची आहे ना, म्हणजे भावना त्यांच्याच. आणि गंमत अशी, की त्या दिवशी भांडी आवरताना स्वतः बाईंनाही दोन वेळा वाटून गेलं, राहावं का? पत्र फारच मनाला लागणारं होतं.

सकाळी उठल्यावर त्यांना स्वतःचा राग आला. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. यात "विनंती" हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. "मी यापुढे या कारखान्याच्या सेवेत राहू इच्छित नाही. याची नोंद घ्यावी." शिक्केकाकांनी शिक्का मारला, आणि एकाच माणसाचं दुसरं पत्र म्हणून नियमाप्रमाणे वर लाल शाईने "दुसरे पत्र" असं लिहिलं. बाईंना त्या वेळी हे सुचलं नाही. दुसऱ्या पत्राचं काय होतं, हे त्या रागाच्या भरात साफ विसरल्या होत्या. साहेबांनी लाल शाई बघून नेहमीचा शेरा मारला, आणि त्या शेऱ्याला मजकूर लागत नसल्यामुळे तो कागद त्यांच्याकडे न येता परस्पर दुरुस्ती विभागात गेला.

दहा तारखेला सुटी होती. सकाळी दाराशी एक मेकॅनिक उभा राहिला. हातात शिडी, खांद्यावर खोकं. म्हणाला, पंखा बदलायचा आहे. बाईंनी सांगितलं, की आमची पंख्याची तक्रार नाही. मेकॅनिकने कागद दाखवला. कागदावर नाव बाईंचं, पत्ता बाईंचा, तक्रार क्रमांक राजीनाम्याचा.

"बाई, तुम्ही लिहिलंय, तुम्हाला राहायचं नाही म्हणून," तो समजुतीने म्हणाला. "आता एवढा वारा येत नसेल तर कोण राहील?"

बाईंनी परत परत नाही म्हटलं. पण मेकॅनिकला पंखा बसवल्याची सही नेल्याशिवाय परत जाता येत नव्हतं, आणि नवऱ्याचं म्हणणं पडलं, की देतायत तर घ्यावा. शिडी लागली. मेकॅनिक वर चढला, जुन्या पंख्याला हात घातला आणि तसाच थांबला. त्याने पंख्याच्या टोपीवरची धूळ बोटाने पुसली. मग वरूनच खाली बाईंकडे पाहिलं. पंखा दुसऱ्या कंपनीचा होता.

बारा वर्षांपूर्वी नवऱ्याने तो हौसेने आणला होता. बाईंनी त्या वेळीच सांगितलं होतं, पण त्याला त्याचा रंग आवडला होता. मेकॅनिकने नवा पंखा बसवला, सही घेतली, आणि जुना काखेत मारून नेला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. जिच्या पत्रांमुळे अख्ख्या गावाला आपले पंखे गोड लागले, तिच्याच घरात परका पंखा. रजेच्या मजकुराला येणारे लोक मुद्दाम वर छताकडे बघून मग कागद पुढे करत. बाईंनी सगळं गिळलं. खरी चिंता वेगळीच होती. दिवस सरत होते, आणि प्रकाशकांचा फोन आला होता. ते आडवळणाने बोलत होते, पण त्यांच्या मागून वकील भागीदारांचा आवाज येत होता, की पत्र नाही तर माणूस नाही, तीस तारखेच्या आत काय ते सांगा.

बाईंनी आधीच्या दोन्ही पत्रांच्या तारखा घालून तिसरं पत्र दिलं. ते बघून बहुधा साहेबांना काहीच उमगलं नाही. शेरा पडला, "चर्चा करावी," आणि पत्र कपाटात गेलं. कपाटाची किल्ली साहेबांपाशी होती.

एकोणतीस तारीख उजाडली तेव्हा शिक्केकाकांनाच दया आली. ते बाईंच्या टेबलाशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, एवढं डोकं कशाला चालवताय? कार्यमुक्तीचं पत्र तुम्हीच लिहा, सहीच्या फायलीत ठेवा. ते सही करतील. मी शिक्का मारतो. वाचलंय कधी त्यांनी?"

आणि हे अगदी खरं होतं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. चार ओळींचं पत्र टाइप केलं. कार्यमुक्त करण्यात येत आहे, सेवा उत्तम होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. सुरेख उतरलं. फाइल उघडून सगळ्यांत वर ठेवलं.

मग त्या त्याच्याकडे बघत बसल्या. मागितलं आपण, नाकारलं आपण, आता मंजूरही आपणच करायचं, तर मग आपल्याला सोडलं कुणी? पहिल्या दिवशी नव्या ठिकाणी हा कागद पुढे करताना आपलाच मजकूर आपल्याला ओळखू येईल. एकवीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडाने बोललो ते बोललो, जाताना तरी कुणीतरी आपल्याशी स्वतःच्या तोंडाने बोलावं. एवढं एक पत्र फुकट मिळण्याइतकी सेवा झालेली होती.

बाईंनी ते पत्र फाडलं. त्याच्या जागी कारखान्याचं नाव छापलेला एक कोरा कागद ठेवला. खाली फक्त साहेबांचं नाव आणि हुद्दा टाइप केला. वर काही नाही. फाइल आत गेली.

तीस तारखेला दुपारी फाइल बाहेर आली. बारा पत्रांवर सह्या होत्या. कोऱ्या कागदावरही होती, ठसठशीत, खाली रेघ ओढलेली.

शिक्केकाकांच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. बाईंनी तो कागद फायलीतून काढला, पदर सारखा केला आणि न विचारता साहेबांच्या दारातून आत गेल्या. असं त्या एकवीस वर्षांत गेल्या नव्हत्या.

"साहेब, या पत्रावर तुम्ही आज सही केलीत."

"हो," साहेब फोनमध्ये बघत म्हणाले. "छान लिहिलंयत. नेहमीसारखंच."

"काय लिहिलंय त्यात?"

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. मग फोन खाली ठेवला आणि कागद उचलून पाहिला. उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला.

"यात तर काहीच नाही," ते म्हणाले.

"खाली सही आहे," बाई म्हणाल्या. "वर मी आता काहीही लिहू शकते. कारखाना माझ्या नावावर केला असंही लिहिता येईल. चार ओळी पुरतील. शिक्का बाहेर तयार आहे."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात शिक्केकाका शिक्का हातात घेऊन उभे होते, त्यांना निव्वळ पुढचं ऐकायचं होतं, पण दिसायला ते फार वाईट दिसलं. साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, की मग तुम्ही काय लिहायचं ठरवलंय.

"मी नाही लिहिणार," बाई म्हणाल्या. "तुम्ही लिहायचं. माझ्या पत्राचं उत्तर आहे ते. पत्र कपाटात आहे."

साहेबांनी मुकाट्याने किल्ली काढली. कपाट उघडल्याबरोबर "चर्चा करावी" शेऱ्याची बरीच वर्षांची पत्रं त्यांच्या पायांवर कोसळली. त्यांत बाईंचं सगळ्यांत वर होतं. साहेब ते घेऊन खुर्चीत बसले, ओळीखाली बोट धरून वाचू लागले. दोन वेळा वाचलं. शेवटी म्हणाले, "फार चांगलं आहे. कुणाचं आहे?"

"माझं."

"तुमचं म्हणजे, लिहिलं तुम्हीच असणार. पण जातंय कोण?"

"मीच जातेय. पाच वाजता."

साहेबांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, लावलं. चहा मागवावा का, असं म्हणून पाहिलं. नंतर अगदी हळू म्हणाले, "बाई, मला येत नाही हो. शाळेत माझा निबंध मास्तर वर्गाला वाचून दाखवायचे. पोरं पोट धरून हसायची. तेव्हापासून मी कधी लिहिलं नाही. तुम्ही मजकूर सांगा, मी उतरवतो."

बाईंना त्यांची दया आली. जिभेवर पहिलं वाक्य आलंही होतं. ते त्यांनी परतवलं.

"मलाही आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "चार दिवस लागले. तुमच्याकडे दीड तास आहे." आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. त्या खुर्चीतही त्या कधी बसल्या नव्हत्या.

साहेबांनी लिहायला घेतलं. पत्र कुणाला लिहायचं म्हणून त्यांनी बाईंच्या पत्राखालचं नाव पाहिलं, पुन्हा बाईंकडे पाहिलं, जणू आज पहिल्यांदाच ओळख करून दिली होती, आणि ते नाव कोऱ्या कागदावर सावकाश उतरवलं. दुसरं अक्षर ऱ्हस्व हवं होतं ते दीर्घ पडलं. बाईंनी पुढे वाकून तेवढी एक वेलांटी दुरुस्त केली. बाकी कुठेही हात लावला नाही, आणि हे त्यांना किती जड गेलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. साहेब घाम पुसत होते, ओठ हलवत होते. अक्षर एवढं मोठं, की सही खाली आधीच झालेली असल्यामुळे जागा पुरेना, आणि शेवटची ओळ सहीला वळसा घालून समासात चढली. पाचाला पाच मिनिटं असताना त्यांनी कागद बाईंपुढे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

बाईंनी वाचलं.

"तुमचे पत्र आज वाचले. पहिले येऊन महीना झाला. चुक माझी आहे. ईतके वर्ष सगळी पत्रं तुम्ही लिहीलीत आणी मी नुसत्या सह्या केल्या. ती ढाल तुमची आहे, मला वाचता पण नीट आलं नाही. तुम्ही गेल्यावर कसं होणार ते मला माहीत नाही पण तो तुमचा प्रश्न नाही. आज पाच वाजता तुम्हाला मोकळं करतो आहे. जिथे जाल तिथे त्यांचं भलं होईल."

सहा चुका होत्या. बाईंनी त्या मोजल्या, सवयच ती. मग पुन्हा वाचलं, न मोजता. एकवीस वर्षांत या कारखान्यातून इतकं सरळ पत्र बाहेर पडलं नव्हतं. वकील भागीदार वाचून काय म्हणतील ते म्हणोत, या कागदापुढे उंबरा अडवायची कुणाची छाती नव्हती.

"ठीक आहे का?" साहेबांनी खिडकीपासूनच विचारलं.

"यात बदलण्यासारखं काही नाही," बाई म्हणाल्या, आणि हे त्यांनी आजवर कुणाच्याही लिखाणाला म्हटलं नव्हतं.

साहेब वळले. चेहऱ्यावर घाम होता, पण कान लाल झाले होते आणि ते दाबून दाबून हसत होते. त्यांनी जमिनीवर पडलेल्या ढिगाकडे पाहिलं. मग वाकून त्यातलं एक पत्र उचललं, झटकलं, आणि टोपण काढून पुन्हा खुर्चीत बसले.

बाहेर शिक्केकाकांनी बाईंच्या पत्रावर शिक्का मारला, नेहमीपेक्षा जोरात. बाईंनी टेबल आवरलं. निरोप घ्यायला लोक जमले. पंख्यावरून थट्टा करणारेही आले, आणि त्यांतल्या दोघांनी जाता जाता शेवटचा मजकूर करून मागितला. बाईंनी दोघांनाही सांगितलं, की आधी साहेबांना विचारा, ते लिहितात. सगळे हसले. पण इतक्यात साहेबांच्या खोलीतून कुणीतरी मोठ्याने हसल्याचा आवाज आला. सात वर्षांपूर्वीची कुणाची तरी तक्रार वाचून साहेब एकटेच हसत होते. पाच वाजून गेले, दहा मिनिटं झाली, टपालात जायची फाइल आत अडकून पडली होती, कारण साहेब आता सही करण्याआधी प्रत्येक पत्र वाचत होते आणि अजून दुसऱ्याच पत्रावर होते.

बाई चपला घालत होत्या तेव्हा शिक्केकाका लगबगीने आले.

"बाई, साहेब विचारतायत, 'दिलगीर'मधली दि पहिली का दुसरी?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजल्यापासून त्या मोकळ्या होत्या, तसं लेखी होतं.

"शब्दकोश माझ्या टेबलावर आहे, म्हणावं त्यांना," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून रस्त्याला लागल्या.